एन्क्रिप्टेड मेल अडला, तर लगेच नवी किल्ली बनवू नका

हापूसचा हंगाम ऐन भरात आहे आणि हॅम्बुर्गच्या खरेदीदाराचा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूप लावून पाठवलेला, मेल उघडत नाही. पडद्यावर एवढंच दिसतं: हा मेल उघडायला लागणारी सिक्रेट की (तुमच्याजवळच राहणारी, मेल उघडणारी किल्ली) उपलब्ध नाही. अशा वेळी आमच्याकडच्या ऑफिसांत ठरलेला उपाय होतो. कुणीतरी म्हणतं, "बनवून टाकूया नवी, हाय काय नि नाय काय." नवी किल्ली दोन मिनिटांत तयार होते. पण खरेदीदाराकडे तुमची जुनीच पब्लिक की, म्हणजे तुम्ही इतरांना दिलेली, मेल बंद करणारी किल्ली असते, तो तिनेच मेल बंद करून पाठवत राहतो. त्यात 'दोन दोन कशाला' म्हणून कुणी जुनी किल्ली डिलीट केली, तर आजवर आलेले सगळे एन्क्रिप्टेड मेल कायमचे मुके.

बिघाड बहुतेक वेळा एन्क्रिप्शनमध्ये नसतोच. तो घड्याळात असतो, मेल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असतो, एखादा पर्याय निवडायचा राहिलेला असतो. म्हणून खाली दिलेल्या क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

रत्नागिरी-देवगडचे आंबेवाले, वेंगुर्ल्याकडचे काजू कारखानदार, मासळी प्रक्रियावाले यांना हे प्रकरण हल्ली लागतं. मधल्यामध्ये मेल वाचून बनावट बिल पाठवायचं, त्यावर बँक खात्याचा नंबर बदलायचा, ही फसवणूक परदेशी खरेदीदारांना ठाऊक आहे. त्यामुळे काही जण खात्याचा तपशील साध्या मेलवर घेतच नाहीत. वकील, डॉक्टर, पत्रकार यांची गरज वेगळी, पण बिघाड तेच.

मी इथे थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम धरून लिहितोय, कारण ते फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. एक सावधगिरी आधीच. इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याच सूचना 'एनिग्मेल टाका' (थंडरबर्डला पूर्वी वेगळं जोडावं लागणारं अ‍ॅड-ऑन) म्हणून सुरू होतात. त्या जुन्या झाल्या. २०२० साली आलेल्या थंडरबर्ड ७८ पासून ओपनपीजीपी, म्हणजे या किल्ल्यांची कुलूपपद्धत, आतच आहे आणि एनिग्मेलची गरज संपली. अशी सूचना दिसली की पान बंद करा.

आधी हात लावायचा नाही, बॅकअप घ्यायचा

थंडरबर्डच्या टूल्स मेनूत 'ओपनपीजीपी की मॅनेजर' आहे. तो उघडा. तुमच्या नावाची किल्ली ठळक अक्षरात दिसत असेल, तर तिची सिक्रेट की या मशीनवर आहे. ती निवडून फाइल मेनूतून 'बॅकअप सिक्रेट कीज टू फाइल' करा. पासवर्ड विचारेल, तो नीट द्या आणि कागदावर लिहून ठेवा. फाइल पेनड्राइव्हवर काढा. आता पुढे काहीही बिघडलं तरी परतीची वाट आहे.

यादीत तुमची किल्लीच नसेल तर घाबरू नका, तो भाग पुढे येतो.

साधा मेल जातो का?

नवा मेल उघडा, एन्क्रिप्शन बंद करा, स्वतःलाच दोन शब्द पाठवा. हाच मेल जात-येत नसेल तर किल्लीला दोष देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

येणाऱ्या मेलसाठी आयमॅप असेल तर पोर्ट ९९३ आणि एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्यासाठी पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. ही जोडी उलटी-सुलटी झाली की प्रोग्राम नुसता गोल फिरत बसतो. पोर्ट २५ वर कुणी सेटिंग करून ठेवलं असेल तर ते बदला, बऱ्याच इंटरनेट जोडण्यांवर तो बंदच असतो.

खातं जीमेलचं असेल आणि पासवर्ड बरोबर असूनही नाकारत असेल, तर ऑथेंटिकेशनच्या जागी 'ओऑथ२' (गुगलच्याच खिडकीतून लॉगिन) निवडा. वैयक्तिक खात्यांना नुसता नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्राममधून आत येण्याची सोय गुगलने २०२२ च्या मेअखेर बंद केली. ओऑथची खिडकी उघडून लगेच मिटत असेल, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा.

ऑफिसच्या ब्रॉडबँडवर अडतंय आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतंय, असं झालं तर दोष राउटरचा किंवा जोडणीचा. दोन्हीकडे सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचा, इशारा येत असेल तर अँटिव्हायरसमधलं 'मेल स्कॅनिंग' तात्पुरतं बंद करून बघा. ते मधे स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतं. इशाऱ्याच्या खिडकीतलं 'एक्सेप्शन'चं बटण मात्र दाबू नका. ते दाबलं की मधल्या कुणालाही तुम्ही दार उघडं करून देता.

घड्याळ

कोकणात हा बिघाड इतका नेहमीचा आहे की मी बाकी काही बघायच्या आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघतो.

पावसाळ्यात लाइट येते-जाते. ऑफिसातला जुना डेस्कटॉप रात्री मेन स्विचपासून बंद असतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला असतो. सकाळी मशीन सुरू झालं की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. टायपिंग, प्रिंट, हिशेब सगळं चालतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. अडतो फक्त मेल. सर्व्हरचं सर्टिफिकेट त्या मशीनच्या मते अजून लागूच झालेलं नसतं. तुमची किल्ली तर त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेली नाही, मग ती वापरणार कशी? समोरच्याची मेलवरची डिजिटल सही भविष्यातली दिसते, म्हणून तीही अमान्य. एकाच वेळी तीन वेगवेगळे इशारे आले की आधी तारीख बघा.

तारीख हाताने बरोबर करा, मग विंडोजच्या 'डेट अँड टाइम'मध्ये जाऊन 'सिंक नाऊ' दाबा. फरक वर्षांचा असेल तर हाताने दुरुस्त करण्याआधी सिंक बरेचदा होतच नाही. टाइम झोन भारताचा आहे ना, तेही बघा. मग सेल बदला. कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, नाहीतर उद्या पुन्हा हेच.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गंमत होते. विंडोज मशीनच्या घड्याळाला स्थानिक वेळ समजतं, लिनक्स सहसा जागतिक वेळ. एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास सरकतं. पुढे गेलेल्या घड्याळावर बनवलेली किल्ली समोरच्याला साडेपाच तास 'भविष्यातली' दिसते आणि मग आपोआप चालू लागते. 'सकाळी चालत नव्हतं, संध्याकाळी चाललं' असं कुणी म्हणालं की मी हेच विचारतो.

स्वतःलाच एन्क्रिप्टेड मेल

साधा मेल जातोय, घड्याळ बरोबर आहे. आता एन्क्रिप्शन चालू करून स्वतःच्याच पत्त्यावर मेल पाठवा. तो आला आणि उघडला, तर तुमची बाजू ठीक आहे. बिघाड समोरच्याच्या किल्लीत किंवा त्याच्याकडच्या तुमच्या किल्लीत आहे, हे एका मिनिटात कळलं.

नाहीच गेला तर अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याखाली 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' उघडा. तिथे किल्ल्यांची यादी असते आणि वर 'नन' असा पर्याय असतो. किल्ली मॅनेजरमध्ये आहे, पण इथे 'नन'वरच ठिपका आहे, हे अनेकदा सापडतं. किल्ली बनवणं किंवा आणणं वेगळं, आणि ती या खात्याला जोडणं वेगळं. इम्पोर्ट करताना 'ट्रीट धिस की अ‍ॅज अ पर्सनल की' या चौकोनावर खूण करायची राहिली असेल, तर किल्ली निवडायला दिसतच नाही. मग पुन्हा इम्पोर्ट करा आणि खूण करा.

एकाच खात्यातून दोन नावांनी मेल जात असतील, एक मालकांचं आणि एक 'एक्स्पोर्ट' नावाचं, तर प्रत्येक आयडेंटिटीला किल्ली वेगळी जोडावी लागते. 'मॅनेज आयडेंटिटीज'मध्ये जाऊन बघा.

आलेला मेल उघडत नाही

मेलच्या वरच्या पट्टीत 'ओपनपीजीपी' असं बटण दिसतं. त्यावर क्लिक करा. हा मेल कोणकोणत्या किल्ल्यांसाठी बंद केलाय, त्यांचे आयडी तिथे दिसतात, सोळा अक्षरांचे. हे आयडी आणि की मॅनेजरमधला तुमच्या किल्लीचा आयडी जुळवून बघा.

इथे लोक हमखास फसतात. आयडी जुळत नाही म्हणून किल्ली चुकीची ठरवतात. एका किल्लीच्या पोटात सहसा दोन किल्ल्या असतात. मुख्य किल्ली सहीसाठी, तर सबकी मेल बंद करण्यासाठी. मेलवर दिसतो तो आयडी सबकीचा असू शकतो, यादीत दिसतो तो मुख्य किल्लीचा. म्हणून की मॅनेजरमध्ये किल्लीवर डबल क्लिक करा, 'स्ट्रक्चर' उघडा, तिथे सबकीचे आयडी दिसतील. त्यातला एखादा जुळला तर किल्ली तुमचीच आहे, आणि अडचण तिच्या पासवर्डची किंवा मेल वाटेत खराब झाल्याची आहे.

काहीच जुळलं नाही, तर समोरच्याने दुसऱ्याच किल्लीने मेल बंद केलाय. ती किल्ली कुठे असू शकते? जुन्या लॅपटॉपवर. आधीच्या अकाउंटंटच्या मशीनवर. किंवा त्याच कॉम्प्युटरवर क्लिओपात्रा या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये. जीपीजी४विन (क्लिओपात्रासकट येणारा विंडोजचा संच) टाकून क्लिओपात्रात बनवलेली किल्ली थंडरबर्डला आपोआप दिसत नाही, दोघांच्या पेट्या अलग आहेत. क्लिओपात्रातून 'बॅकअप सिक्रेट कीज' करायचं आणि ती फाइल थंडरबर्डच्या मॅनेजरमध्ये फाइल मेनूतून आणायची.

सगळीकडे शोधून किल्ली सापडलीच नाही, तर ते मेल गेले. जगात कुणीही ते उघडून देणार नाही, पैसे मागणारा कुणी भेटला तर तो फसवतोय. आता, आणि फक्त आताच, नवी किल्ली बनवा, समोरच्याला पाठवा आणि मेल पुन्हा पाठवायला सांगा.

मेलऐवजी दोन अटॅचमेंट आल्या, एकीत नुसतं 'व्हर्जन: १' आणि दुसरीचं नाव 'एन्क्रिप्टेड डॉट एएससी', तर मेल बरोबर आहे, तुम्ही तो भलतीकडे उघडताय. ब्राउझरमधल्या जीमेलला किंवा फोनवरच्या साध्या मेल अ‍ॅपला हे उघडता येत नाही. विषयाच्या जागी नुसते तीन ठिपके दिसतात तेही यामुळेच, थंडरबर्ड विषयसुद्धा झाकतं.

तुम्हाला पाठवता येत नाही

समोरच्याची किल्ली वापरता येत नाही असं थंडरबर्ड म्हणतं, तेव्हा कारण चारांपैकी एक असतं: किल्ली नाही, किल्ली मान्य केलेली नाही, मुदत संपली, किंवा पत्ता जुळत नाही. नव्या आवृत्त्यांत 'की असिस्टंट' उघडतो आणि यातलं कोणतं ते सांगतो.

मान्य करणं म्हणजे काय? समोरच्याने पाठवलेली किल्ली तुम्ही इम्पोर्ट केली, तरी थंडरबर्ड ती आपणहून वापरत नाही. किल्लीच्या माहितीत तुमचा निर्णय विचारलेला असतो: नाकारली, नंतर बघू, हो पण तपासलेली नाही, हो आणि ठसा (किल्लीचा फिंगरप्रिंट) तपासला. 'नंतर बघू'वर राहिलं तर मेल जात नाही. शेवटचा पर्याय निवडण्याआधी फोन करायचा, ते पुढे सांगतो.

पत्त्याचं प्रकरण जास्त चकवतं. किल्लीवर 'इन्फो'वाला पत्ता आहे आणि तुम्ही मेल लिहिताय 'सेल्स'वाल्या पत्त्यावर. तिकडे दोन्ही मेल एकाच माणसाकडे जातात, पण थंडरबर्डला ते ठाऊक नाही. त्याला दोन पत्ते म्हणजे दोन माणसं. किल्लीवरच्या पत्त्यावरच मेल लिहा, झालं. तुमच्याच किल्लीवर दुसरा पत्ता हवा असेल तर ते काम क्लिओपात्रात होतं: किल्लीवर नवा यूजर आयडी जोडायचा, मग किल्ली पुन्हा थंडरबर्डमध्ये आणायची आणि पब्लिक की सगळ्यांना परत पाठवायची.

किल्ली आणायची कशी, यातही घोळ असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ती मजकूर म्हणून चिकटवू नका. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळीत दोन्ही बाजूंना पाच-पाच छोट्या आडव्या रेघा असतात. फोनचा कीबोर्ड त्यांची लांब रेघ करतो, मधली रिकामी ओळ गिळतो, आणि किल्ली इम्पोर्ट होत नाही. मेलला जोडून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून फाइल पाठवा. पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. तिथे 'पब्लिक' असायला हवं. 'प्रायव्हेट' दिसलं तर थांबा. ती फाइल आधीच गेली असेल, तर ती किल्ली बाद झाली असं समजा, रिव्होक करा, म्हणजे ती रद्द झाल्याचं जाहीर करा, आणि नवी बनवा. नवी किल्ली बनवण्याचं हे दुसरं रास्त कारण.

लोकांच्या पब्लिक की ठेवणाऱ्या की-सर्व्हरवरून, म्हणजे कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्गवरून किल्ली घेत असाल, तर एक लक्षात ठेवा. २०१९ मध्ये सुरू झालेला हा सर्व्हर मालकाने मेलवरून खात्री करून दिल्याशिवाय किल्लीवरचं नाव-पत्ता दाखवत नाही. पत्त्याने शोधल्यावर किल्ली सापडत नसेल तर बहुधा समोरच्याने खात्रीच्या मेलमधली लिंक दाबलेली नाही. त्याला ते करायला सांगा.

मोठे फोटो जोडल्यावरच अडत असेल तर गणित वेगळं. एन्क्रिप्ट झालेला मेल फुगतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण आंब्याच्या पेट्यांचे फोटो मिळून त्याच्या बऱ्याच आत ठेवा.

ठसा फोनवर कसा जुळवायचा

सगळी सुरक्षा या एका फोनवर उभी आहे आणि नेमका हाच फोन लोक टाळतात.

किल्लीचा फिंगरप्रिंट म्हणजे ४० अक्षरं, चार-चारच्या दहा गटांत. त्यात ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही सहाच अक्षरं येतात. अडचण अशी की बी, सी, डी आणि ई ही चार फोनवर सारखीच ऐकू येतात, त्यात घाटातली किंवा समुद्राकडची रेंज. म्हणून गावांची नावं लावा: ए अलिबाग, बी बाणकोट, सी चिपळूण, डी दापोली, ई एलिफंटा. एफला आमच्याकडे गाव सापडत नाही, 'फॅक्टरी' म्हणा. परदेशातल्या माणसाबरोबर अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट. कोकणात जवळपास प्रत्येक वाडीत कुणी ना कुणी जहाजावर असतं, त्याला हे तोंडपाठ आहे. नाहीतर त्यालाच फोनवर बसवा.

फोन तुम्ही लावायचा, आणि आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर. त्या मेलच्या खाली लिहिलेल्या नंबरवर नाही. पहिले आणि शेवटचे चार आकडे जुळले म्हणून थांबू नका, दहाही गट वाचा. एक गट तुम्ही वाचा, पुढचा त्याला वाचायला सांगा. म्हणजे 'हो हो, बरोबर' म्हणून कुणी वेळ मारून नेऊ शकत नाही. मग किल्लीच्या माहितीत 'ठसा तपासला' हा पर्याय निवडा.

मुदत संपली

थंडरबर्डमध्ये बनवलेल्या किल्लीला, काही बदललं नाही तर, तीन वर्षांची मुदत असते. ती संपली की समोरच्याला मेल पाठवता येत नाही आणि तो सांगतो, 'तुमची किल्ली संपलीय.' लगेच कुणीतरी नवी बनवायला धावतं.

गरज नाही. मुदत संपलेली किल्ली मेलेली नसते. सिक्रेट की तुमच्याकडे असेल तर मुदत संपल्यानंतरही ती वाढवता येते, आणि जुने मेल तर तिने उघडतातच. अकाउंट सेटिंग्जमधल्या 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन'मध्ये किल्लीसमोर 'चेंज एक्स्पायरेशन डेट' आहे. तारीख वाढवा. ठसा तोच राहतो, त्यामुळे पुन्हा फोनचा खटाटोप नाही. पण पब्लिक की सगळ्यांना परत पाठवा आणि इम्पोर्ट करायला सांगा. ही पायरी राहिली की तुमच्याकडे तारीख पुढची आणि त्यांच्याकडे जुनीच. क्लिओपात्रात मुदत वाढवली असेल तर सबकीचीही वाढली का ते पाहा. मुख्य किल्ली चालू आणि सबकी संपलेली असेल तर सही होते, एन्क्रिप्शन होत नाही.

सहीचे इशारे

'अनसर्टन' आणि 'इनव्हॅलिड' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनसर्टन म्हणजे सही बरोबर असेल, पण त्या माणसाची किल्ली तुमच्याकडे नाही किंवा तुम्ही ती मान्य केलेली नाही. इनव्हॅलिड म्हणजे सही केल्यानंतर मजकूर बदलला. दर वेळी चोरच असतो असं नाही. ऑफिसचा मेल सर्व्हर खाली 'हा मेल गोपनीय आहे' असा परिच्छेद चिकटवतो, अँटिव्हायरस 'तपासला' अशी ओळ जोडतो, आणि सही मोडते. पण बँक खात्याच्या मेलवर इनव्हॅलिड दिसलं तर पैसे पाठवू नका, फोन करा.

'आमच्याकडे डीएससी आहे की'

डीएससी म्हणजे जीएसटी किंवा डीजीएफटीसाठी (परदेशी व्यापाराचं सरकारी खातं) घेतलेली डिजिटल सही, ती यूएसबी टोकनवाली, बहुतेक निर्यातदारांकडे असते. ती इथे का चालत नाही? ती एस/माइम या मेल झाकण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या जातीची आहे, ओपनपीजीपीची नाही. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. त्यात आपल्याकडे सहीचं आणि एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट अलग मिळतं, आणि नुसत्या सहीच्या टोकनने कुणी तुम्हाला मेल एन्क्रिप्ट करू शकत नाही. शिवाय ज्या सरकारी मूळ सर्टिफिकेटखाली ही टोकन मिळतात, त्याला थंडरबर्ड आपणहून मानत नाही.

खरेदीदार कोणती पद्धत वापरतो हे अटॅचमेंटवरून ओळखा. 'एसमाइम डॉट पी७एम' आलं तर एस/माइम. 'एन्क्रिप्टेड डॉट एएससी' आलं तर ओपनपीजीपी. त्याला एस/माइमच हवं असेल तर मेलसाठीचं सर्टिफिकेट वेगळं घ्या, डीएससी टोकनशी झटत बसू नका.

लॅपटॉप बदलताना, आणि पाणी शिरण्याआधी

नव्या लॅपटॉपवर नुसती सिक्रेट कीजची फाइल कॉपी करून चालत नाही. ती ज्या पासवर्डने बंद असते, तो थंडरबर्डने स्वतः बनवून प्रोफाइलमधल्या दुसऱ्या फाइलींत लपवलेला असतो. म्हणून थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर न्या, किंवा सुरुवातीला घेतलेला बॅकअप नव्या जागी इम्पोर्ट करा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कचरा सोबत येत नाही. प्रायमरी पासवर्ड (थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड झाकणारा) विसरला म्हणून 'रिसेट' दाबणार असाल तर आधी थांबा: त्याने या किल्ल्यांचं कुलूपही हातचं जाऊ शकतं. बॅकअप नसेल तर दाबू नका.

बॅकअप कुठे ठेवायचा, हा कोकणात वेगळा प्रश्न आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, आणि दुकानातला कॉम्प्युटर व त्याच टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह एकाच वेळी पाण्याखाली गेले. एक बॅकअप ऑफिसात, दुसरा दुसऱ्या गावात. पेनड्राइव्ह सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डबीत ठेवा, खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात. पासवर्डचा कागद त्याच डबीत ठेवू नका. आणि पावसाळ्याआधी एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर इम्पोर्ट करून बघा.

फोनवर

अँड्रॉइडवर के-नाइन मेल किंवा अँड्रॉइडसाठीचं थंडरबर्ड, आणि किल्ल्या सांभाळायला ओपनकीचेन हे वेगळं अ‍ॅप. दोन्ही लागतात. बॅकअपची फाइल केबलने फोनवर न्या, ओपनकीचेनमध्ये इम्पोर्ट करा, मेल अ‍ॅपच्या खात्यात एन्क्रिप्शन चालू करून तीच किल्ली निवडा, मग फोनच्या डाउनलोड्समधली फाइल पुसून टाका. फोन हरवण्याची शक्यता लॅपटॉपपेक्षा जास्त, त्यामुळे बँकेचे व्यवहार फक्त ऑफिसातून होत असतील तर किल्ली फोनवर नेऊच नये, असं माझं मत.

तरीही अडलं, तर मदत मागताना

पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहून द्या किंवा त्याचा फोटो द्या. 'चालत नाही' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. थंडरबर्डची आवृत्ती द्या, ती हेल्प मेनूतल्या 'अबाउट'मध्ये दिसते. तुमच्या किल्लीचा आयडी द्या, मेलवर दिसणारे आयडी द्या, स्वतःला पाठवलेला मेल उघडला की नाही ते सांगा, आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं तेही: नवा लॅपटॉप, नवा अँटिव्हायरस, विंडोजचं अपडेट, लाइट जाणं. फोटोत किंवा मेलमध्ये बँकेचा तपशील येत नाही ना ते बघा. पब्लिक की मागितली तर खुशाल द्या. सिक्रेट कीची फाइल किंवा तिचा पासवर्ड कुणी मागितला, तर तो कितीही ओळखीचा असो, त्याला तुमच्या मशीनसमोर बसवा आणि फाइल हातात देऊ नका.